आधी कूलर बंद करा: वॉर आणि वेस्टर्न पिक्चरचे गाजलेले सीन नवीन माणसाने कसे पाहायचे

मागच्या मे महिन्यात माझ्या मावसभावाला, म्हणजे बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला पोट्टा, मी 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' लावून दिला आणि दहा मिनिटांनी तो म्हणाला दादा यात काहीच होऊन नाही राहिलं. मला खरंच वाईट वाटलं, मग लक्षात आलं की खोलीत कूलर फुल स्पीडवर चालू आहे, आणि त्या सीनमध्ये जे काही होतं ते सगळं कानाने घ्यायचं असतं, त्यातलं त्याच्या कानापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. कूलर बंद केला, घाम पुसत पुसत पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि यावेळेस गाडी स्टेशनात येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून कोणी नवीन माणूस विचारतो ना की भाऊ वॉर आणि वेस्टर्न पिक्चर पाहायचे आहेत, कुठून सुरू करू, तर मी पिक्चरची यादी देत नाही. (वेस्टर्न म्हणजे जुन्या अमेरिकेच्या पश्चिमेतले घोडे-पिस्तूलवाले पिक्चर.) यादी कुठेही मिळते. मी सीन देतो, आणि तो कसा पाहायचा ते सांगतो, कारण माझ्या अनुभवाने या दोन्ही प्रकारांत डोक्यात वर्षानुवर्षे राहते ती गोळी सुटायच्या आधीची वाट पाहणं, गोळीबार तर दुसऱ्या दिवशी विसरून जातो माणूस. ही वाट पाहायला शिकलं की पुढचं सगळं आपोआप जमतं.

पायरी १: खोली आणि स्क्रीन

वेळ रात्री अकरानंतरची घ्या. आपल्याकडे नागपुरात मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दिवसा कूलर बंद करणं शक्यच नाही, पण रात्री उशिरा वीस-पंचवीस मिनिटं निघतात. नाहीतर सरळ चांगले इअरफोन लावा, ते सगळ्यात सोपं. हिवाळ्यात तर प्रश्नच नाही.

मोबाइलवर पाहून राहिले असाल तर आडवा धरा आणि बोटांनी झूम करून स्क्रीन भरू नका. वर खाली काळ्या पट्ट्या दिसतात त्या राहू द्या. सर्जियो लिओने हा दिग्दर्शक एक माणूस फ्रेमच्या अगदी डाव्या टोकाला आणि दुसरा उजव्या टोकाला उभा करतो, मधली मोकळी जमीन हाच त्याचा मुद्दा असतो, तुम्ही झूम केलं की दोघांतला एक कापला गेला समजा.

अजून एक, लिओनेच्या पिक्चरमध्ये ओठ आणि आवाज नीट जुळत नाहीत, तर आपली कॉपी खराब आहे असं समजून बंद करू नका. सेटवर इटालियन, स्पॅनिश, अमेरिकन नट आपापल्या भाषेत बोलायचे आणि आवाज नंतर भरला जायचा. सगळ्यांच्या कॉपीत तसंच आहे. सबटायटल लावा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि सुटा क्लिप पाहू नका बाप्पा. दोन मिनिटांचा तुकडा पाहून मग म्हणता की एवढं काय आहे यात. सीनच्या आधीचा निदान अर्धा तास तरी पाहा.

पायरी २: शोलेपासून सुरू करा

हो, शोलेच. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेला, आपण सगळ्यांनी टीव्हीवर वीसदा पाहिलेला, आणि म्हणूनच शिकायला सगळ्यात चांगला, कारण पुढे काय होणार ते माहीत असतं त्यामुळे कसं होऊन राहिलं ते पाहायला डोकं मोकळं राहतं. गब्बरच्या एन्ट्रीचा सीन काढा. डायलॉग पाठ आहेत तुम्हाला, यावेळेस ते सोडा आणि आधीचं ऐका. चेहरा दिसायच्या आधी बूट दिसतात, हातातला पट्टा खडकावर घासत जातो त्याचा आवाज येतो, तो इकडून तिकडे फिरतो आणि ती तीन माणसं मान खाली घालून उभी. मग हिशोब. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या, माणसं तीन, तो तीन गोळ्या हवेत उडवतो आणि चक्री फिरवतो. आता एकेकाच्या डोक्याला लावून तीन वेळा घोडा ओढला जातो आणि तीनही वेळा नुसता खटका. तिघंही वाचले. सगळे हसायला लागतात, ते तिघं पण हसतात, हसणं वाढत वाढत जातं आणि त्यातच गोळ्या.

मी इथे घड्याळ लावून पाहा असं सांगतो. गोळ्या लागायला किती सेकंद आणि त्याच्या आधीचं किती मिनिटं, ते कागदावर लिहा. शाळेतल्यासारखं वाटेल पण एकदा लिहिलं की मग कुठलाही वेस्टर्न पाहताना हाताने आपोआप हिशोब होतो.

मग ठाकूरच्या घरचा सीन. झोपाळ्याची करकर ऐका. शेवटी लहान पोरगा समोर येतो, गब्बर घोड्यावरून नेम धरतो, आणि ती गोळी लागलेली आपल्याला दाखवतच नाहीत, एकदम आगगाडी येते. हा कट लक्षात ठेवा, लगेच कामी येणार आहे.

पायरी ३: आता मूळ पाहा

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' १९६८ चा, लिओनेचाच. शोलेच्या लोकांनी हा मन लावून पाहिला होता हे तुम्हाला स्वतःच दिसेल, कोणी सांगायची गरज नाही. यातही एक कुटुंब आहे, घराबाहेर टेबलं मांडून पाहुण्यांची वाट पाहून राहिलं, आणि किड्यांचा किर्र आवाज मधेच थांबतो. फक्त तेवढंच होतं. आवाज थांबतो, बाप मान वर करून पाहतो. आपल्याकडे अंबाझरी तलावाकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ही गोष्ट लगेच समजेल, किडे-पाखरं एकदम गप्प झाली की पाय आपसूक थांबतो. किडे परत बोलायला लागतात, मग परत थांबतात, मग गोळ्या. शेवटी एक लहान पोरगा दारातून धावत बाहेर येतो, धुळीतून लांब कोटवाले पाच जण चालत येतात आणि कॅमेरा पुढाऱ्याच्या मागून फिरून चेहऱ्यावर येतो तर तो हेन्री फोंडा. अमेरिकेत आयुष्यभर सज्जन माणसाचे रोल केलेला नट. फोंडा सेटवर तपकिरी लेन्स आणि मिशी लावून आला होता, खलनायक दिसावा म्हणून, लिओनेने दोन्ही काढायला लावलं, त्याला ते निळे डोळेच पाहिजे होते. आणि पोराला गोळी घालतो तिथे कट कशावर आहे पाहा. आगगाडीवर. शोलेत पाहिलेलं तेच.

नवीन माणसाला मी सांगतो हे दोन सीन एकाच रात्री पाठोपाठ पाहा. चोरी पकडायला नाही, एकच गोष्ट रामनगरमच्या (शोले शूट झाला तिथल्या) खडकांत आणि स्पेनच्या माळावर कशी वेगळी होते ते कळायला. आपल्याकडे झोपाळा आला, तिकडे किडे होते. मला दोन्ही आवडतात आणि झोपाळा मला थोडा जास्तच त्रास देतो, कारण तसा झोपाळा आमच्या आजोळी होता.

आता सुरुवातीचा स्टेशनचा सीन, ज्याच्यासाठी मी कूलर बंद करायला लावला. हा नीट सांगतो.

तीन माणसं गाडीची वाट पाहून राहिली. दहा मिनिटांच्या वर चालतं आणि पार्श्वसंगीत असं नाहीच. पवनचक्कीला तेल नाही, ती करकरते. एक जण नुसती बोटं मोडत बसतो. दुसरा, वुडी स्ट्रोड, पाण्याच्या टाकीखाली उभा, टकलावर थेंब पडतो, परत पडतो, तो जागा बदलत नाही, हॅट घालतो, आता थेंब हॅटवर पडायला लागतो, आवाज बदलतो. तिसरा जॅक इलम, बाकावर टेकलेला, तारयंत्राच्या टकटकीला वैतागून वायरच उपटून टाकतो, मग दाढीवर माशी बसते, तो फुंकर मारून उडवतो, ती ओठावर येते, मग भिंतीवर बसते तेव्हा पिस्तुलाच्या नळीत धरतो आणि तोंडावर बोट लावून कानाशी नेऊन तिची गुणगुण ऐकतो. डोळे मिटून, चेहऱ्यावर समाधान. मग लांबून गाडीची शिट्टी. तो बोट काढून माशीला सोडून देतो, आणि वुडी स्ट्रोड हॅट काढून काठात साचलेलं पाणी पिऊन टाकतो. गाडी येते, कोणी उतरत नाही, ते परत जायला वळतात, गाडी सुटते आणि तिच्या पलीकडून हार्मोनिकाचा आवाज येतो.

पुढे काय होतं ते तुम्हीच पाहा, फक्त घोडे किती आहेत ते मोजून ठेवा.

मावसभावाने नंतर मला विचारलं की तो माशी काहून सोडतो, मारून का नाही टाकत. मला याचं उत्तर अजून नक्की देता येत नाही पण मला वाटतं तो माणूस तोवर खेळून राहिला होता आणि शिट्टी वाजली तसा कामावर आला. हे असं एखादं बारीक काहीतरी प्रत्येक मोठ्या सीनमध्ये असतं. ते हाताला लागलं की सीन तुमचा झाला. तेवढं एकच शोधायचं, दहा नाही.

पायरी ४: घड्याळवाला सीन

'हाय नून', १९५२, फ्रेड झिनेमन. हा पटकन होईल, पूर्ण पिक्चरच ८५ मिनिटांचा आहे आणि गोष्टीतलं घड्याळ जवळपास तुमच्या घड्याळासोबतच चालतं. बाराच्या गाडीने गुंड येणार, मार्शल, म्हणजे गावचा पोलीस अधिकारी, गावभर मदत मागत फिरतो, कोणी येत नाही. बाराला टोल पडायच्या आधी लोलक हलतो आणि गावातल्या एकेकाचा चेहरा येतो, ज्यांनी नाही म्हटलं ते सगळे. मग थोड्या वेळाने कॅमेरा मार्शलच्या चेहऱ्यापासून सुरू होऊन मागे आणि वर वर जातो, आणि मार्शल झालेला गॅरी कूपर भर रस्त्यात एकटा. मेच्या दुपारी दोन वाजता सीताबर्डीच्या एखाद्या बोळात दुकानांची शटर अर्धी ओढलेली असतात तेव्हा ते कसं दिसतं ते डोळ्यापुढे आणा, म्हणजे तो रिकामा रस्ता अंगावर येईल. ऊन या पिक्चरांमध्ये पात्रासारखं असतं आणि आपल्याला ऊन समजावून सांगावं लागत नाही, हा आपला फायदा आहे.

याच दशकातला जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' (१९५६) पण घ्या, पण त्याचा पहिला आणि शेवटचा शॉट सोबत ठेवून पाहा. पहिल्यात अंधाऱ्या घराचं दार उघडतं आणि बाहेर वाळवंट दिसतं, शेवटच्यात सगळे घरात जातात, जॉन वेन उंबऱ्याबाहेरच राहतो, डाव्या हाताने उजवा कोपर धरून उभा, मग वळून चालायला लागतो आणि दार बंद होतं. तो कोपर धरणं ही हॅरी केरी नावाच्या जुन्या नटाची लकब होती, आणि त्या नटाची बायको ऑलिव्ह केरी याच पिक्चरमध्ये होती. हे माहीत झालं ना की तो शॉट पुन्हा पाहताना गळा दाटतो.

पायरी ५: कब्रस्तान, आणि इथून युद्धाकडे

'द गुड, द बॅड अँड द अग्ली', १९६६, हाही लिओनेचाच. सगळ्यांना शेवटची तिघांची झुंज माहीत असते. नवीन माणसाने ती अलग पाहू नये, तिघांतला टुको कब्रस्तानात पोचतो तिथून पाहा. तो धावायला लागतो, नाव शोधत, आणि एन्निओ मोरिकोनेचं संगीत सोबत चढत जातं, कॅमेरा त्याच्यासोबत गोल गोल फिरतो, शेवटी थडग्यांच्या नुसत्या रेघा होतात. मग दगडी गोल चौकात तिघं. बोटं, डोळे, पिस्तूल, परत डोळे. इथे पण कागद काढा आणि शॉट किती वेळ टिकतो त्याच्याकडे लक्ष द्या, सुरुवातीला लांब लांब आणि मग छोटे होत जातात.

ते कब्रस्तान खोटं आहे. स्पेनमध्ये बुर्गोस भागात स्पॅनिश सैनिकांनी पाच हजारांच्या वर थडगी रचून ते पिक्चरसाठी बांधलं. नंतर सगळं गवताखाली गेलं आणि जवळपास पन्नास वर्षांनी चाहत्यांनी कुदळ-फावडे घेऊन तो दगडी चौक परत मोकळा केला. मी त्याचे फोटो पाहिले तेव्हा मला फार आनंद झाला, माणसं स्वतःच्या सुट्टीत जाऊन हे काम करतात.

आणि याच पिक्चरमध्ये पुलाचा सीन आहे. अमेरिकन यादवी युद्ध, दोन फौजा एका पुलासाठी रोज मरतात, दारूच्या बाटलीला चिकटलेला कॅप्टन. तो पूल शूटिंगमध्ये कॅमेरे चालू व्हायच्या आधीच चुकून उडाला आणि परत बांधावा लागला. पण मला तो आवडतो कारण वेस्टर्नमधून वॉरमध्ये जायला हाच खरा पूल आहे, इथपर्यंत मरणं तीन माणसांचं होतं, आता ते मोजता येत नाही.

पायरी ६: युद्धाचे सीन, पण आधी घर

इथे पद्धत बदला. युद्धाचा पिक्चर लढाईपासून सुरू करू नका, पत्रांपासून करा. 'बॉर्डर' (१९९७) मध्ये जवानांना पत्रं वाटली जातात तो गाण्याचा सीन आपल्या पूर्ण पिढीला पाठ आहे, लोंगेवालाच्या लढाईच्या आधीचा, डिसेंबर १९७१. त्याच्याही आधी चेतन आनंदचा 'हकीकत' (१९६४), १९६२ च्या युद्धावर, त्यात बर्फात अडकलेले जवान घरच्या आठवणीत गातात, रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार आवाज एका गाण्यात. हे दोन सीन सोबत पाहा. कोण काय वाचून राहिला, कोणाला पत्र आलंच नाही, तिकडे पाहा. नंतर लढाई सुरू झाली की तुम्हाला माणूस ओळखीचा असतो.

आमच्या शेजारी एक काका आहेत, फौजेतून रिटायर, शेवटची पोस्टिंग कामठीला होती म्हणून इकडेच राहिले. त्यांना मी बॉर्डर लावला की ते लढाईत पेपर वाचतात आणि पत्रांच्या सीनला पेपर खाली ठेवतात. एकदा म्हणाले, "पत्र आलं की आधी वास घ्यायचो बेटा, मग उघडायचो." मला हे कुठल्याच पिक्चरमध्ये अजून दिसलं नाही.

पायरी ७: नॉर्मंडी

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८), ६ जून १९४४ चा ओमाहा बीच, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौज फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरली तो हल्ला, साधारण चोवीस मिनिटं. एकट्याने किंवा मोठ्या माणसासोबत पाहा, लहान पोट्टे खोलीत नकोत. घरात कोणी फौजी असेल तर आधी विचारा. मी काकांना न विचारता लावला होता, ते पाच मिनिटांत उठून गेले आणि दोन दिवस मला त्यांच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही.

पाहायचं काय, तर पहिल्यांदा पाण्याखालचा आवाज. माणसं होडीतून पाण्यात पडतात आणि गोळीबार एकदम बोदा होतो, डोकं वर आलं की कानठळ्या, परत खाली गेलं की शांत. मग टॉम हँक्सच्या जवळ स्फोट होतो, त्याचे कान बंद होतात, आपलेही. तो हेल्मेट उचलून डोक्यावर घालतो आणि त्यातून लाल पाणी चेहऱ्यावर ओघळतं. संगीत नाही, जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असून स्पीलबर्गने त्या लढाईत एक सूर वापरला नाही. चित्र तुटक तुटक, खडखडत चालल्यासारखं वाटतं ते कॅमेऱ्याच्या शटरचा कोन कमी (म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड अगदी थोडा वेळ) ठेवल्यामुळे, प्रत्येक वाळूचा कण वेगळा दिसतो. शूटिंग आयर्लंडमधल्या करॅक्लो बीचवर झालं.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा नकाशा काढा. समुद्र कुठे, मशीनगन कुठे, चढ कुठे. नकाशा कसा काढायचा ते मी आपल्या सीताबर्डीच्या किल्ल्यावर शिकलो. नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज तिथे लढली, टेकड्या दोन, एक लहान एक मोठी, आणि लहान टेकडी भोसल्यांच्या अरबांनी घेतली तसा मोठ्या टेकडीवर मारा सुरू झाला. किल्ला फौजेच्या ताब्यात आहे, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांना आत सोडतात. एकदा जा आणि वर उभं राहून खाली पाहा, उंचीवरचा माणूस खालच्याला काय करू शकतो हे पाच मिनिटांत कळतं, मग ओमाहाचा सीन वेगळाच दिसतो. '१९१७' या पिक्चरमधलं खंदकाबाहेरचं शेवटचं धावणं पण असंच नकाशा काढून पाहा, तिथे पोरगा हल्ल्याच्या आडवा पळून राहिला हे कळलं की मजा वाढते.

त्या रात्री दुसरं काही लावू नका.

पायरी ८: शेवटी हा एक

'पाथ्स ऑफ ग्लोरी', १९५७, स्टॅनली कुब्रिक, पहिलं महायुद्ध, कृष्णधवल. पूर्ण पिक्चर पाहूनच शेवटचा सीन पाहायचा, याला सूट नाही. फ्रेंच सैनिक एका खानावळीत दारू पिऊन गोंधळ घालून राहिले, मालक एका पकडलेल्या जर्मन पोरीला स्टेजवर ओढून आणतो, गाणं म्हण म्हणतो. शिट्ट्या, आरडाओरडा. ती रडत रडत गायला लागते, आवाज ऐकूच येत नाही इतका हलका. मग पुढचे लोक गप्प होतात, मग मागचे, आणि मग कोणाला शब्द येत नाहीत म्हणून सगळे नुसती चाल गुणगुणायला लागतात. म्हातारे, पोरं, गालांवर पाणी. पिक्चरभर ज्या माणसांनी एकमेकांचं वाईट पाहिलं ती ही माणसं. ती पोरगी म्हणजे क्रिस्टियान, पुढे कुब्रिकची बायको झाली.

यावेळेस मी काकांना आधी विचारलं. ते आले, इअरफोन नको म्हणाले, म्हणून मी कूलर, पंखा दोन्ही बंद केलं. गाणं सुरू झालं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. त्यांना जर्मन येत नाही, सबटायटलही त्यांनी वाचले नाहीत. स्क्रीनवर कर्नल बाहेर उभा राहून ते गाणं ऐकून राहिला होता आणि सार्जंट त्याच्याकडे चालत येत होता, अजून काही बोलला नव्हता, तेवढ्यात काका हळूच म्हणाले, "ऑर्डर आली."

आणि सार्जंटने तेच सांगितलं, लगेच फ्रंटवर परत जायचं आहे. कर्नल म्हणाला, पोरांना अजून थोडा वेळ राहू दे.